पारी आणि सारण

भाद्रपद शुद्ध चतुर्थी चार दिवसांवर आली, की कृष्णाकाठच्या आमच्या वाई क्षेत्रात घरोघरी तांदळाची पिठी चाळली जाऊ लागते, नारळ सोलून ठेवले जातात आणि परसातल्या हळदीच्या पानांची मोजदाद सुरू होते. याच दिवसांत आम्हा कीर्तनकारांनाही उसंत नसते. गेली चाळीस वर्षे गणेशोत्सवात मी कीर्तनसेवा करीत आलो आहे, आणि या चाळीस वर्षांत मोदकाचा दृष्टांत मी किती वेळा सांगितला असेल, याची गणती माझ्यापाशी नाही.

तो दृष्टांत असा: मोदकाची पांढरी पारी म्हणजे हा देह. वरून सुबक, कळीदार, परंतु स्वतःची गोडी नसलेला. आतले सारण म्हणजे आत्मानंद. तेव्हा श्रोतेहो, पारीच्या नादी लागू नका, आतली गोडी तेवढी ओळखा! एवढे बोलून मी टाळ वाजवावा, श्रोत्यांनी टाळी द्यावी आणि पेटीवाल्याने सूर धरावा, असा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

गेल्या वर्षी हा दृष्टांत चुकीचा असल्याचे मला कळून आले. माझे डोळे उघडले ते तांदळाच्या उकडीने. कोणा शास्त्रीपंडिताला ते श्रेय नाही. ती हकीगत सांगायची आहेच. पण कीर्तनात पूर्वरंगावाचून उत्तररंग रंगत नाही. म्हणून आधी सारण भरून मिटलेल्या या अन्नप्रकाराविषयी थोडे निरूपण करतो.

शब्दातला मोदक

‘मुद्’ म्हणजे आनंदित होणे. जो आनंद देतो तो मोदक. गणपत्यथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत सहस्र मोदकांच्या यजनाचा उल्लेख आहे, तो नित्यपाठ करणाऱ्या वाचकांस ठाऊक असेलच. परंतु संस्कृतात मोदक हा शब्द वळलेल्या लाडवालाही लावतात; आयुर्वेदात तर औषधाच्या गोळ्यांनाही मोदक म्हटले आहे. म्हणजे मूळ शब्द आनंद सांगतो, आकार सांगत नाही. पातळ पारी, तिला पाडलेल्या कळ्या आणि वर काढलेले नाजूक नाक हा आकार त्या शब्दाला आपल्याकडच्या स्वयंपाकघरांनी दिला.

या शब्दाची एक कथा आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त ती येते. प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा, राजा सातवाहन राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी संस्कृतात काही बोलली. त्यातला ‘मोदकैः’ हा शब्द ऐकून राजाने तत्काळ मोदकांची ताटे मागवली. राणी हसली. तिला म्हणायचे होते ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी राजाला सोडवता आला नव्हता! लज्जित झालेल्या राजाने व्याकरण शिकण्याचा निश्चय केला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवीन. आणि त्याने ते करून दाखवले. त्यातून कातंत्र व्याकरण जन्मले, आणि पैजेत हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत वर्ज्य करून पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली, असे ती कथा सांगते.

मला या कथेत आणखी एक मौज दिसते. संधी हाही एक प्रकारचा मोदकच. दोन शब्द असे मिटून जातात की शिवण दिसत नाही. आत काय आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही, आणि वरवर पाहणाऱ्याची फसगत होते. ती फसगत पुढे माझीही व्हायची होती.

दोन घरचे दोन मोदक

आमच्या घरी माझ्या लहानपणी मोदक होत ते तळणीचे. देशावरची ती जुनी रीत. कणीक आणि रवा घट्ट भिजवून, कुटून, त्याची पातळ लाटी करायची. आत सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस, खसखस, पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड. मंद आचेवर तळलेला तो मोदक दाताखाली कुडकुडत फुटे आणि आतले कोरडे सारण भुरभुरत जिभेवर येई. चार दिवस डब्यात राहिला तरी त्याचा कुडकुडीतपणा जात नसे.

विवाहानंतर घरात उकडीचा मोदक आला, कारण आमच्या सौभाग्यवतींचे माहेर गुहागरकडचे. तिकडे आंबेमोहरासारख्या सुवासिक तांदळाची पिठी, ओल्या नारळाचा चव आणि चिकीचा नव्हे, साधा पिवळा गूळ. येथे भाषेची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. खोवलेल्या नारळाला कोकणात ‘तो चव’ म्हणतात आणि जिभेला कळते ‘ती चव’. लिंग बदलले, पण नाते सुटले नाही.

या दोन मोदकांत केवळ तळणे आणि उकडणे एवढाच भेद आहे, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. वास्तविक भेद धान्याच्या स्वभावात आहे. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो. ते पाण्यात भिजवले, तिंबले, की ताणले जाते, लाटले जाते, पुरणाला पोटात घेऊन पोळपाटभर पसरते. तांदळात तो गुण नाही. तांदळाची पिठी थंड पाण्यात कितीही मळा, ती ताणताच तुटते. म्हणून तिला उकळत्या पाण्यात घालून वाफ द्यावी लागते. उष्ण पाण्याने पिठीतले सत्त्व फुगते, एकमेकांना धरू लागते, आणि मग गरम असतानाच तेलापाण्याच्या हाताने मळले तर तिची पारी वळते. म्हणून तिला उकड म्हणतात. तीच उकड थंड झाली की पुन्हा आखडते, कोरडी पडते. याच कारणाने उकडीचा मोदक गरम असतानाच पानात पडावा लागतो. तळणीच्या मोदकाला उद्या आहे, उकडीच्या मोदकाला फक्त आज आहे.

सारणाचेही तसेच. तळायच्या पदार्थात ओले सारण चालत नाही. ओल सुटली की मोदक तेलात फुटतो. उकडीच्या मोदकात कोरडे सारण शोभत नाही, कारण वाफेतल्या मऊ पारीला आतूनही ओलावा लागतो. जशी पारी तसे सारण. एकाचे ठरले की दुसऱ्याचे ठरते.

आपल्या सणांनीही हे बारकावे जपले आहेत. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही, असा पुष्कळ घरांतला नेम. मग पुरण त्या दिवशी पोळीत न जाता कणकेच्या चौकोनी घडीत जाते आणि वाफेवर शिजते. ती पुरणाची दिंडे. पुरण तेच, कणीक तीच. परंतु तव्यावरच्या पोळीचा खमंगपणा जाऊन दिंडात ओलसर, लुसलुशीत गोडी येते. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ पसरून, गूळखोबरे घालून, पान दुमडून पातोळ्या उकडतात. पान खायचे नसते. परंतु ते सोलून बाजूला ठेवले तरी त्याचा गंध पातोळीत उतरलेला असतो. आवरण निघून गेले तरी त्याने दिलेले राहते. हा दृष्टांत माझ्या डोळ्यांपुढे असून मला सुचला नाही, याचे आज नवल वाटते.

पूरणम्, पूर्णम्, हूरण

काही वर्षांपूर्वी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील पोथ्या पाहण्यासाठी मी त्या बाजूस गेलो होतो. तंजावरशी आपले नाते भोसले राजांपासूनचे. मराठी कीर्तन तेथे गेले आणि तिकडच्या हरिकथेत मिसळून गेले. तेथे एका मराठीभाषी कुटुंबात विनायक चतुर्थीचा नैवेद्य वाढला गेला. पानात मोदक पाहून मी म्हणालो, “अरे, आपले मोदक!” यजमानीणबाई म्हणाल्या, “कोळुक्कट्टै.” पारी तांदळाचीच, पण तिला तिळाच्या तेलाचा मंद वास. आत गूळखोबरे. शेजारी दुसऱ्या प्रकारात तीळगूळ, तिसऱ्यात उडदाचे तिखटमिठाचे सारण. मी सारणाचे नाव विचारले. उत्तर आले, “पूरणम्.”

माझ्यातला संस्कृताचा विद्यार्थी जागा झाला. आपण म्हणतो पुरण, तमिळ म्हणते पूरणम्. आंध्रात पूर्णम्, ज्याची तळून ‘पूर्णम् बूरेलु’ करतात. कानडीत ‘प’चा ‘ह’ होतो, म्हणून तेथे हूरण, आणि ते भरलेली पोळी म्हणजे होळिगे. आमच्या कडबूचा सोयराही कानडी ‘कडुबू’च. चार भाषांतील चुली वेगळ्या, पण आत जे भरायचे त्याला चौघींनी एकाच धातूपासून आलेला शब्द ठेवला: जे भरून काढते, पूर्ण करते, ते पूरण. मग जे अपूर्ण होते, पोकळ होते, त्या आवरणाला यांपैकी कोणी कमी लेखले होते काय? हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनाला शिवला आणि तसाच निघून गेला.

पूर्व किनाऱ्यावर ओडिशात प्रथमाष्टमीला ‘एंडुरी पिठा’ करतात. तांदूळ आणि उडीद वाटून केलेले पीठ, आत नारळ, गूळ, कुठे छेना, आणि वरून गुंडाळलेले हळदीचे पान! कोकणची पातोळी आणि ओडिशाची एंडुरी या दोघींमध्ये सारे द्वीपकल्प पसरले आहे, तरी पान एकच.

हिमालयाच्या कुशीत काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार समाज मार्गशीर्ष पौर्णिमेला ‘योमरी’ करतो. नव्या भाताची पिठी, आत ‘चाकू’ नावाचा घट्ट काकवीचा गूळ आणि तीळ. आकार खाली फुगीर, वर निमुळता, जणू लांब नाकाचा मोदक. आपण सारण आधी शिजवून कोरडे करतो. योमरीतला चाकू मात्र वाफेत पुन्हा पाघळतो, म्हणून ती खाताना सावध राहावे लागते. टोक तोडले की गोड धार ओठांवर येते. नव्या पिकाची ती योमरी धान्याच्या कोठारातही पूजेसाठी ठेवतात.

समुद्रापलीकडे जावा बेटावर ‘क्लेपोन’ नावाची तांदळाच्या पिठाची हिरवट गोळी मिळते. तिच्या पोटात ताडगूळ भरतात, पाण्यात उकळतात आणि वरून ओल्या नारळाच्या चवात घोळतात. आपल्या मोदकात नारळ आत, त्यांच्या क्लेपोनमध्ये नारळ बाहेर. तांदूळ, गूळ, नारळ ही त्रयी तीच. फक्त आतले बाहेर आले आहे. आत-बाहेर, सार-असार यांची वाटणी आपण समजतो तितकी पक्की नाही, हे त्या हिरव्या गोळीकडून शिकावे.

आणि सर्वांत दूरचे नाते जपानचे. आपला गणपती बौद्ध मंत्रमार्गाबरोबर चीनमार्गे तेथे गेला आणि ‘कांगितेन’ म्हणून पुजला जाऊ लागला. त्या नावातही आनंदच आहे. टोकियोच्या आसाकुसा भागातील त्याच्या एका मंदिरात भक्त मुळे वाहतात. त्याच्या नैवेद्याला ‘कांगिदान’ नावाचे पक्वान्न असते. क्योटो नगरात १६१७ साली स्थापन झालेली ‘कामेया कियोनागा’ ही मिठाईची पेढी ते करीत आली आहे. पिठाची पारी, आत अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड पुरण, त्यात चंदन, दालचिनी आदी सात सुगंधी द्रव्ये. वर आवळलेल्या थैलीसारखी मिटलेली आठ टोके, ती अष्टदल कमळाची खूण, आणि मग तिळाच्या तेलात सावकाश तळणे. पूर्वी पुरणाच्या जागी सुकी फळे भरत असत, पुढे कडधान्य आले. सारण बदलले, आवरण आणि त्याची आठ टोके टिकली! नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या माझ्या पुतण्याने त्यांतले दोन आणले होते. देव्हाऱ्यापुढे ठेवून आम्ही ते चाखले. पारी इतकी कडक की प्रथम दात हबकले; मग तिळाच्या तेलाचा खमंगपणा, आणि शेवटी पुरणातून चंदनाचा वास उमटला. माझ्या आईचा तळणीचा मोदक किती लांबचा प्रवास करून आला, असे क्षणभर वाटले.

मिटलेल्या जागी शिजणारे

मिटून शिजवण्याचे मर्म आपल्या वैद्यांनी फार पूर्वी ओळखले होते. ज्या वनस्पतीचा रस सहज निघत नाही, ती वाटून, पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन अग्नीत ठेवतात. आतल्या आत, स्वतःच्याच वाफेत ती मऊ होते आणि मग पिळली की रस देते. याला पुटपाक म्हणतात. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी मुरला नदीच्या मुखाने रामाच्या करुणरसाला याच पुटपाकाची उपमा दिली आहे. सीतात्यागानंतर राम वरून गंभीर, आत मात्र व्यथा शिजत असलेला. विद्यार्थ्यांना ही उपमा शिकवताना मी नेहमी ‘आतल्या व्यथे’वर बोलत असे. परंतु ते पुट, ती मिटून धरणारी भिंत, नसती तर आतला रस कधीच करपून गेला असता. रामाने जे धरून ठेवले त्यामुळेच तो करुणरस झाला. धरून ठेवणाऱ्याकडे मात्र माझे कधी लक्ष गेले नाही.

येथे पूर्वरंग संपतो. आता उत्तररंग.

गेल्या वर्षीची चतुर्थी

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या सौभाग्यवती परसात घसरल्या आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. कोपरापर्यंत प्लास्टर चढले. चतुर्थी तीन आठवड्यांवर. पुण्याहून सूनबाईंनी दूरध्वनी केला, “आई, या वर्षी मोदक बाहेरूनच मागवू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” ती ‘बरं’ म्हणाली. पण त्या रात्री ती बराच वेळ जागी होती, हे मला कळत होते. चव्वेचाळीस वर्षांत देवापुढचे एकवीस मोदक तिने दुसऱ्याच्या हातून होऊ दिले नव्हते.

सकाळी मी जाहीर केले, “मोदक मी करीन.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “तुम्ही?”

“चाळीस वर्षे मोदकावर बोलतो आहे.”

“बोलता, तेच म्हणते मी,” ती म्हणाली.

चतुर्थीच्या पहाटे स्नान करून, सोवळे नेसून मी चुलीपुढे उभा राहिलो. ती पाटावर बसून सांगत होती. दोन वाट्या चवाला एक वाटी गूळ, हे जमले. वेलदोडा, जायफळ, भाजलेली खसखस, हेही जमले. सारण परतताना कढई कधी उतरवायची ते तिने वासावरून बसल्या जागी सांगितले. माझा हुरूप वाढला. सार तर साधले, आता असार उरले, असे माझ्या मनात आले.

आणि उकड सुरू झाली. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूट मीठ, चमचाभर लोणी. पाणी उकळले, पिठी घातली, झाकण ठेवून वाफ आणली. परातीत काढून हात घातला तो पोळला. “गार होऊ द्यायची नाही,” पाटावरून आवाज आला. मळता मळता घामाने डोळे चुरचुरले. मग पारी. “कडा पातळ, बूड जरा जाड. वाफेचा भार बुडावर येतो.” मी बूड पातळ आणि कडा जाड केल्या. “कळी चिमटीत धरा, ओढू नका.” मी ओढली, ती तुटली. पहिला मोदक मुठीसारखा झाला, दुसरा वळचणीच्या घरट्यासारखा. दहावर्षांचा नातू दारात उभा राहून हसू दाबत होता.

दोन तासांनी एकवीस मोदक उभे राहिले. थंड पाण्यात बुडवून, हळदीच्या पानावर मांडून, मोदकपात्रात ठेवले. पंधरा मिनिटांनी झाकण काढले, तेव्हा आठ मोदक फुटले होते. गुळाचा पाक पानावर ओघळला होता.

चाळीस वर्षे ज्या पारीला मी असार म्हणत आलो, तिने माझ्या साराला धरून ठेवण्यास नकार दिला होता!

मी खाली बसलो. म्हणालो, “हे खंडित झाले. नैवेद्याला कसे ठेवायचे?”

ती क्षणभर गप्प राहिली. मग देव्हाऱ्याकडे बघत म्हणाली, “त्याचा स्वतःचा एक दात मोडलेला आहे. तो कशाला तुमच्या मोदकांना नावं ठेवील? एकवीसच्या एकवीस ठेवा.”

वेदान्ताचे ग्रंथ पालथे घातलेल्या मला यावर उत्तर सुचले नाही. एकवीसच्या एकवीस ठेवले. आरती झाली. सूनबाई आणि मुलगा आले. पाने वाढली. नातवाने आधीच उरलेल्या सारणाची वाटी पळवली होती; दोन चमचे खाऊन “आता नको, फार गोड” म्हणून ठेवून दिली. तोच मुलगा पंगतीत पाच मोदक खाऊन उठला. मी ते पाहिले आणि मला उमगले. सारण एकटे असते तेव्हा दुसऱ्या घासाला जीभ कंटाळते. मिठाचा कण असलेली, स्वतः गोड नसलेली, मऊ, किंचित चिवट पारी मध्ये येते, तूप दोघांना जोडते, आणि गोडीला माप मिळते. गुळाची गोडी गोडी म्हणून कळते ती पारीमुळे.

तिच्या उजव्या हाताला प्लास्टर. डाव्या हाताने मोदक फोडता येईना. मी तो फोडला, वर तूप घातले. तिने घास घेतला, डोळे मिटून चावला. म्हणाली, “पारी जाड झाली. मिठाचं मात्र बरोबर आहे.”

विद्वत्सभेतल्या कोणत्याही शालीपेक्षा ते शब्द मला मोठे वाटले. मी हळूच विचारले, “माझा तो मोदकाचा दृष्टांत... तुला कधी खटकला नाही?”

“पहिल्याच वर्षी खटकला होता,” ती म्हणाली. “सांगणारही होते. पण लोक टाळ्या वाजवत होते.”

सुधारलेला दृष्टांत

त्या रात्री मी तैत्तिरीय उपनिषद पुन्हा उघडले. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय हे पाच कोश मी असंख्य वेळा सांगितले आहेत. कोश म्हणजे वेष्टन, पारीच. सर्वांत आतला आनंदमय, हे मी ठासून सांगत असे. पण उपनिषद आरंभ करते अन्नमयापासून, आणि भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, हे व्रत म्हणून सांगते. भृगूला पिता एकदम आनंदाशी नेत नाही. अन्न हेच ब्रह्म, या पायरीवर त्याला आधी उभे राहावे लागते. पहिले वेष्टन तुच्छ मानून कोणी शेवटच्या आनंदाला पोहोचल्याचे तेथे लिहिलेले नाही. मीच घाईने आत शिरत होतो.

आता मी दृष्टांत असा सांगतो: पारी पातळ हवी, पण फुटता कामा नये. तिने स्वतःची गोडी मिरवू नये, पण मिठाचा कण सोडू नये. आतले धरून ठेवावे, वाफ सोसावी आणि वेळ येताच बोटाच्या स्पर्शाने उमलावे. घरातही कोणी तरी असे पारीचे काम करीत असते. साऱ्या कुटुंबाची गोडी त्याच्यामुळे जागेवर राहते, आणि प्रशंसा मात्र सारणाची होते. टाळी अजूनही पडते, पण आता थोडी उशिरा. मध्ये स्त्रीवर्गाकडून एक शांतता येते, तिचे मोल मला टाळीहून अधिक वाटते.

सौभाग्यवतींचे प्लास्टर निघाले, तरी मनगटात पूर्वीचे बळ आले नाही. गरम उकड मळणे आता तिच्याने होणार नाही. जपानात मे महिन्याच्या ५ तारखेला मुलांच्या सणाला पिठाची पुरण भरलेली वडी ओकच्या जातीच्या ‘काशिवा’ झाडाच्या पानात गुंडाळतात. ते पान खात नाहीत. ते निवडण्याचे कारण असे सांगतात, की नवी पालवी फुटेपर्यंत या झाडाचे जुने पान गळत नाही. म्हणून ते घराण्याच्या सातत्याची खूण. हे वाचले तेव्हा मला पाटावर बसून सांगणारी आमची मंडळी आठवली.

यंदा चतुर्थीला सूनबाईंनी दोन दिवस आधीपासून रजा काढली आहे. उकड मी मळणार, पाऱ्या सूनबाई करणार, आणि नातवाने कळ्या पाडण्याचे काम मागून घेतले आहे. परवा त्याने गव्हाच्या कणकेवर सराव केला, तेव्हा अकरा कळ्या पडल्या. आजीने त्या मोजल्या. उरलेल्या उकडीच्या, मिरची-जिरे घातलेल्या निवगऱ्या आधी कोणी खायच्या, यावर वाद चालू आहे.

भाविक वाचकहो, ज्यांच्या घरी करणारे हात थकले आहेत वा ज्यांना सवडच नाही, त्यांनी मोदक बाहेरून आणले म्हणून मनात खंत बाळगू नये. देव भावाचा भुकेला आहे. परंतु ज्यांच्या घरी ते जाणते हात अजून आहेत, त्यांनी, विशेषतः माझ्यासारख्या पुरुषमंडळींनी, या चतुर्थीला एक तरी पारी त्या हातांपुढे बसून करून पाहावी. ती फुटेल. फुटू द्यावी. एकदंताच्या दारी फुटलेल्याची लाज नसते.

गणपती बाप्पा मोरया! मंगलमूर्ती मोरया!